रश्श्यासाठी येणारी पोरं

एका गावात एक भांडण चाललं होतं. भांडणं सगळ्याच गावांत चालतात. पण हे चाललं होतं देवळाच्या पायरीवर, भर रविवारी, आणि भांडणारे दोघंही देवाचीच बाजू घेऊन भांडत होते. असली भांडणं लवकर मिटत नाहीत.

"कडी लावणार म्हणजे लावणार!" हनोखमास्तर म्हणाले. "दाराला आतून कडी आणि खिडक्यांना गज."

"आणि पोरांच्या गळ्यात लोढणी?" सलोमीबाईंनी कमरेवर हात ठेवले. "मास्तर, हे प्रभूचं देऊळ आहे का कोंडवाडा?"

"पळून जाणाऱ्या गुरांना कोंडवाडाच लागतो."

"मग गुरं का पळतात, ते आधी गुराख्याला विचारा!"

आता हे कशावरून पेटलं ते ऐका.

त्या गावात ख्रिस्ती मंडळीची थोडी घरं होती, ओढ्यापलीकडच्या उतारावर. देऊळ दगडी, लहानसं, वर कौलं. घंटेच्या जागी चिंचेच्या फांदीला एक लोखंडी पट्टी टांगलेली. रविवारी ती वाजली की माणसं धुवट कपडे घालून घराबाहेर पडायची. उपासना व्हायची, ढोलकी-झांजेवर भजनं व्हायची. मग मोठी माणसं घरी जायची आणि मुलांना मागे ठेवून शब्बाथशाळा भरायची. म्हणजे मुलांनी प्रभूच्या गोष्टी ऐकायच्या आणि शास्त्रातली वचनं पाठ करायची.

यात एक घोळ होता, आणि तो इतक्या वर्षांत एकाही शहाण्याच्या लक्षात आला नव्हता. त्या मंडळीत रविवारी घरोघरी मटण शिजायचं. आठवड्यात तेवढंच. बायका उपासनेहून आल्या की चुली पेटवायच्या, खोबरं भाजायच्या, कांदा परतायच्या, आणि तो वास उतार चढून सरळ देवळाच्या खिडकीतून आत शिरायचा. नेमके त्याच वेळी मास्तर मुलांना सांगायचे, "डोळे मिटा, मन एकाग्र करा." मोठ्या माणसांनी एकदा तरी तसं करून दाखवावं!

हनोखमास्तर वाईट नव्हते. हे आधीच सांगितलेलं बरं, कारण गोष्टीत कडक माणूस आला की लोक त्याचा लगेच राक्षस करतात. ते कुणाला मारत नसत. पण वचन आलं नाही की भिंतीकडे तोंड करून उभं करत. आणि वचनं अशी घोटून घेत, की पोरं शास्त्र म्हणतायत का पाढे, ते बाहेरच्याला कळत नसे. त्यांच्या पोटात एक भीती होती. त्यांचे मुलगे शहरात कामाला गेले होते, आणि तिकडून येणारे-जाणारे सांगायचे की ते देवळाची पायरीही चढत नाहीत. माझी पोरं माझ्या हातून निसटली, निदान मंडळीची तरी निसटू द्यायची नाहीत, असं मास्तरांनी मनाशी धरलं होतं. म्हणून त्यांनी मूठ आवळली होती. आवळलेल्या मुठीतून वाळू जास्तच गळते, पण भ्यालेल्या माणसाला ते दिसत नाही.

त्या रविवारी मास्तर फळ्यावर वचन लिहायला वळले आणि दीनाने खिडकीतून उडी मारली. दीना म्हणजे भिंतीशी सगळ्यांत जास्त उभी राहिलेली पोर. भिंतीवरचा चुन्याचा पोपडा न् पोपडा तिच्या ओळखीचा होता. तिच्या मागे दुसरं पोर उडालं, मग तिसरं. मास्तरांनी वळून पाहिलं तेव्हा वर्गात फक्त सगळ्यांत धाकटा शीलास बसलेला होता. तो रडत होता. कारण त्याचा हात खिडकीला पोचत नव्हता.

आणि म्हणून ती कडी, आणि म्हणून ते भांडण.

सलोमीबाईंबद्दलही सांगायला हवं. त्या शाळेत एक दिवस गेल्या नव्हत्या. पण एकेक अक्षर जुळवत शास्त्र वाचायला आपलं आपण शिकल्या होत्या. त्याचा त्यांना अभिमान होता, आणि अभिमान लपवायचा असतो असं त्यांना कुणी शिकवलं नव्हतं.

"तुम्हाला जमत नसेल तर मी चालवते शाळा!" त्या म्हणाल्या.

"चालवा की! एका रविवारात तुमचंही कळेल."

पाळकसाहेब आजूबाजूच्या बऱ्याच गावांच्या मंडळ्या सांभाळायचे. त्या दिवशी ते नेमके आले होते आणि सायकलचं हँडल धरून दोघांच्या मध्ये अडकले होते. शेवटी म्हणाले, "असं करू. नाताळापर्यंत सलोमीबाईंनी चालवावी. मुलं आपण होऊन आली तर ठीक. नाही आली तर नव्या वर्षापासून मास्तर म्हणतील तसं. कडी आणि गज."

मुलांना कुणी काही विचारलं नाही. मुलांवरून भांडताना मुलांना विचारायची रीत कुठेच नाही.

पुढच्या रविवारी सलोमीबाई देवळात उभ्या राहिल्या. त्यांनी सरोवरातल्या वादळाची गोष्ट घेतली. त्या स्वतःच वारा झाल्या, लाटा झाल्या, हेलकावणारी नाव झाल्या. पोरं पहिल्यांदा डोळे मोठे करून बघत राहिली. पण वादळ शांत झालं तरी सलोमीबाई शांत होईनात. त्यांनी गोष्टीचा बोध सांगितला. मग बोधाचा अर्थ सांगितला. मग अर्थावरून मुलांनी घरी कसं वागावं ते सांगितलं.

"आजी, पाणी पिऊन येऊ?" एकाने विचारलं. तो आला नाही. त्याला बघायला दुसरा गेला. तिसऱ्याला दोघांची काळजी वाटली. शेवटी शीलास उरला, आणि तो झोपला होता.

सलोमीबाई पदर खोचून उतार उतरल्या. सगळी पोरं सापडली ती मंडळीतल्याच मार्थाबाईच्या परसदारी, ओळीनं उकिडवी बसलेली. मार्थाबाई पाट्यावर वाटण वाटत होती आणि वाटता वाटता बोलत होती.

"नवी नवरी होते मी. ओढ्याला पाणी आलं, आणि मी मधोमध, वासराचं शेपूट धरून. मला पोहता येत नव्हतं. वासराला येत होतं का, ते वासरालाच ठाऊक."

"मग?"

"मग काय! लांबलचक प्रार्थना करायला सवड कुठली? म्हटलं, 'प्रभू, दोघांना.' एवढंच."

"आणि?"

"आणि ही बसलेय की वाटण वाटत! वासराच्या नातवंडांचं दूध तुम्ही पिताय."

सलोमीबाई दारातच कडाडल्या, "वा रे वा! माझ्या वादळाला जांभया, आणि हिच्या ओढ्याला कान?"

पोरं चपापली. दीना मात्र म्हणाली, "आजी, तुझं वादळ लांबचं होतं. मार्थाकाकू स्वतः बुडत होती."

सलोमीबाईंना राग आला. मग भूक लागली. मग विचार आला. त्यांच्याकडे सगळं याच क्रमाने यायचं.

त्या मंडळीत साक्ष द्यायची पद्धत होती. प्रार्थनासभेत मोठ्यांपैकी कुणीतरी उभं राहायचं आणि प्रभूने आपल्यासाठी काय केलं ते चार माणसांत सांगायचं. कुणी दुखण्यातून उठलेलं, कुणाची दारू सुटलेली, कुणाचं हरवलेलं माणूस परत आलेलं. ऐकताना अंगावर काटा यायचा. पण सभा सुरू व्हायच्या आधी मुलांना घरी पाठवून द्यायचे. चांगलंचुंगलं मोठ्यांनी आपल्यात ठेवलं होतं, आणि मुलांच्या ताटात वाढली होती नुसती पाठांतरं.

सलोमीबाईंनी जाहीर करून टाकलं, "आता शब्बाथशाळा देवळात नाही. दर रविवारी एकेकाच्या घरी, चुलीपाशी. घरच्या माणसानं साक्ष द्यायची. त्या वेळी कुठलं वचन धरून राहिलात ते सांगायचं. प्रश्न पोरं विचारतील. आणि मग पोरांच्या हातावर भाकरी आणि वाटीत रस्सा."

लोक कुरकुरले. पण सलोमीबाईंच्या तोंडावर कुरकुरायची कुणाची छाती नव्हती.

आणि शाळा चालली की! एका घरी म्हाताऱ्या आजोबांनी सांगितलं, बांधावरून सख्ख्या भावाशी कसं वैर धरलं होतं, आणि क्षमेचं एकच वचन महिनाभर घशात कसं अडकून बसलं होतं. चुलीवरची भाकरी फुगेपर्यंत ते वचन सगळ्या पोरांना आलं होतं. का नाही येणार? आता ते फळ्यावरचं वचन नव्हतं, आजोबांच्या घशातलं होतं. दुसऱ्या दिवशी दोन पोरांनी आपला लगोरीवरून चाललेला अबोला सोडला. त्यांना तसं कुणी सांगितलं नव्हतं.

दीनाही यायची. सगळ्यांत पुढे बसायची, सगळ्यांत जास्त प्रश्न विचारायची. फक्त प्रार्थना सुरू झाली की तोंड घट्ट मिटायची आणि डोळे टक्क उघडे ठेवून बाकीच्यांकडे बघत राहायची. सलोमीबाईंनी ते पाहिलं होतं. त्या काही बोलल्या नाहीत, आणि त्यांच्यासारख्या बाईला गप्प राहणं किती जड गेलं असेल ते ज्याचं त्याने समजून घ्यावं.

मास्तर दुरून बघत होते. एका रविवारी उपासनेनंतर ते सगळ्यांसमोर म्हणाले, "सलोमीबाई, पोरं येतात, कबूल. पण ती रश्श्यासाठी येतात. प्रभूसाठी नाही."

घाव बरोबर बसला. कारण हीच शंका सलोमीबाईंनाही आतून कुरतडत होती.

"कशावरून?" त्या म्हणाल्या.

"एक रविवार मटणाशिवाय करून बघा."

"करते! कुणाच्या घरी?"

सगळे एकमेकांकडे बघू लागले. रविवारी मटण नाही असं घर मंडळीत होतं कुठे? गरीब घरातही मुलांच्या तोंडापुरतं आणत. मार्थाबाईच्या तोंडून मात्र निसटलं, "मास्तरांकडं नसतंय."

सगळ्यांनी माना खाली घातल्या. मास्तरीणबाई गेल्यापासून मास्तर एकटे होते. रविवारी उपासना झाली की घरी जाऊन पिठलं हाटायचे आणि दार लोटून जेवायचे.

"माझ्याकडे कशाला?" मास्तर म्हणाले.

"का? तुमच्या घरी प्रभू येत नाही?" सलोमीबाई बोलून गेल्या, आणि बोलल्याबरोबर तो शब्द त्यांनाच टोचला. पण परत घ्यायची सवय नव्हती.

मास्तरांचा चेहरा दगडासारखा झाला. "ठीक आहे. येत्या रविवारी माझ्या घरी. एकही पोर येणार नाही. मग नाताळची वाट बघायला नको, त्याच दिवशी निकाल. सोमवारी सुतार बोलावतो, गज बसवायला."

"निकाल तर निकाल!" सलोमीबाई म्हणाल्या. पण घरी जाताना त्यांचे पाय नेहमीसारखे वाजत नव्हते.

त्यांनी मुलांना खोटं सांगितलं नाही. मटण आहे, लाडू आहेत, असली लालूच दाखवली नाही. सरळ म्हणाल्या, "रविवारी मास्तरांकडे. पिठलं-भाकरी."

"आणि भिंत?" एकाने विचारलं.

"मास्तरांच्या घरालाही भिंती आहेत."

पोरांनी तोंडं वाकडी केली. दीना सलोमीबाईंच्या मागे मागे घरापर्यंत आली.

"आजी, मास्तर साक्ष देणार?"

"द्यायला पाहिजे."

"मास्तरांना काय झालं असेल पण? ते तर कधी बुडाले नाहीत."

"मला काय माहीत? त्यांनाच विचार."

"विचारलं तर उभं करतील."

"करतीलही," सलोमीबाई म्हणाल्या.

रविवार उजाडला. मास्तर मनाशी म्हणत होते, एकही पोर येऊ नये. आलं तर ते हरणार होते. पण सकाळी उठून त्यांनी घर झाडून काढलं होतं, शेजाऱ्याकडून चटई मागून आणली होती, आणि एकट्या माणसाला लागतं त्याच्या कितीतरी पट बेसन कालवून ठेवलं होतं. जिंकायला निघालेला माणूस एवढं पीठ कशाला कालवतो?

तिकडे सलोमीबाईंचाही धीर सुटला होता. उपासना झाल्याबरोबर त्यांनी घरचं मटणाचं पातेलं फडक्यात बांधलं आणि चढ चढायला लागल्या. वळणावर दीना उभी होती.

"हे काय गं आजी?"

"काही नाही."

"वास येतोय."

"मास्तर हल्ली वाळलेत. म्हटलं, त्यांना जरासं..."

"एवढं मोठं पातेलं?"

"तू माझी मास्तरीण लागून गेलीस का गं?" सलोमीबाई खेकसल्या.

दीना हलली नाही. "हे नेलंस तर मास्तर म्हणतील, यासाठीच आली. आणि मग आम्ही खरंच कशासाठी आलो, ते आम्हालापण कळायचं नाही."

सलोमीबाईंनी आयुष्यात बऱ्याच जणांना गप्प केलं होतं. आपण गप्प होण्याची त्यांची ही पहिलीच वेळ असावी. त्या मागे फिरल्या, पातेलं मार्थाबाईच्या ओट्यावर आदळलं आणि म्हणाल्या, "कुत्र्यांपासून राख. आणि हसू नकोस."

वळणावर आता बाकीची पोरंही जमली. खालून खोबरं भाजल्याचा वास येत होता, वर मास्तरांचं घर होतं. दोघं-तिघं खाली पळाली. खोटं कशाला सांगा, पळाली. उरलेली दीनाकडे बघत होती.

"मला ऐकायचंय त्यांना काय झालं ते," दीना म्हणाली आणि चढायला लागली.

मास्तरांच्या दाराशी पोरं थबकली. आत कुणी पाऊल टाकेना. मास्तर आतून बघत उभे होते.

"सलाम, मास्तर," दीना म्हणाली.

"सलाम," मास्तर म्हणाले. मग घसा साफ करून म्हणाले, "या. बसा."

पोरं चटईवर बसली. सलोमीबाई उंबऱ्यावर बसल्या. मास्तरांनी सवयीने हात मागे बांधले आणि सुरुवात केली, "प्रश्न पहिला. आपल्याला कुणी निर्माण..."

"मास्तर," दीना म्हणाली, "घरच्या शाळेत प्रश्न आम्ही विचारतो. घरच्यांनी साक्ष द्यायची असते."

मास्तरांनी मागे बांधलेले हात सोडले. "मला साक्ष येत नाही."

तेवढ्यात शीलास अगदी गंभीरपणे म्हणाला, "मग भिंतीकडे तोंड करून उभे राहा."

सलोमीबाईंनी पदर तोंडावर धरला. मास्तर शीलासकडे बघत राहिले. पोर थट्टा करत नव्हतं, त्याला नियम ठाऊक होता तेवढा त्याने सांगितला होता.

आणि मास्तर खरोखरच वळले. भिंतीकडे तोंड करून उभे राहिले. मग भिंतीलाच सांगावं तसं हळू बोलायला लागले. माणसांकडे बघून जे कधी बोलता आलं नव्हतं ते त्यांना भिंतीपाशी बोलता आलं.

"तुमच्या मास्तरीणबाई गेल्या तेव्हा तुम्ही लहान होता. लोक येऊन भेटून गेले. मग आपापल्या कामाला लागले, लागणारच. मी चूल पेटवली नाही. मी प्रभूला म्हटलं, आजपासून मी तुझ्याशी बोलणार नाही. पोरांना वचनं शिकवीन, ते माझं काम आहे. पण तुझ्याशी बोलणार नाही."

"मग प्रभू काय म्हणाला?" शीलासने विचारलं.

"काही म्हणाला नाही. दुसऱ्या दिवशी दार उघडलं, तर ओट्यावर फडक्यात भाकरी. गरम. त्याच्या दुसऱ्या दिवशी पुन्हा. मी विचारायला गेलो नाही, मला कुणाशी बोलायचंच नव्हतं. एकदा दाराआड उभं राहून पाळत ठेवली, कोण ठेवतं बघू म्हणून. त्या दिवशी भाकरी आली नाही. पाळत सोडली, तर आली. मी तोंड फिरवून बसलो होतो आणि तो मला जेवायला घालत होता. शेवटी माझी मलाच लाज वाटली. एक दिवस घास मोडताना म्हटलं, 'प्रभू, मीठ जरा कमी आहे.' तिथून आमचं बोलणं परत सुरू झालं."

दीना हसली. मग सगळीच हसली. भिंतीकडे तोंड केलेल्या मास्तरांचे खांदेही हलत होते, पण ते हसण्याने का कशाने, ते पाठीवरून कळत नव्हतं.

"कोण ठेवायचं मग?" पोरांनी गलका केला आणि सगळ्यांचे डोळे उंबऱ्याकडे वळले.

"माझ्याकडे काय बघता?" सलोमीबाई म्हणाल्या. "मी ठेवली असती तर गावभर सांगितलं नसतं का?"

हे पोरांना लगेच पटलं. ती भाकरी कुणाची, ते त्या दिवशी कळलं नाही, पुढेही कळलं नाही.

"मास्तरीणबाई कशा होत्या?" दीनाने विचारलं.

मास्तर आता पोरांकडे वळले. "त्या हसायच्या फार. नको तिथे हसायच्या. एकदा भर उपदेशात पाळकसाहेबांच्या खांद्यावर सरडा चढला, आणि ह्या..." एवढं बोलून ते चुलीकडे वळले. चेहऱ्यावर हसू होतं. "भाकरी गार होतेय," ते म्हणाले. "जेवून घ्या."

जेवणाआधीची प्रार्थना मास्तर नेहमी स्वतः करायचे, आणि ती चांगली लांब असायची. आज त्यांनी तोंड उघडलं आणि मिटलं. सलोमीबाई म्हणणार होत्या, तेवढ्यात दीनाने डोळे मिटले. कुणी सांगितलं नव्हतं. तिचा आवाज आधी थोडा अडखळला.

"प्रभू, ज्यांनी तेव्हा भाकरी ठेवली, त्यांच्या दारात आज कुणीतरी भाकरी ठेवू दे. आणि मास्तर तुझ्याशी बोलतात, तसं मलापण बोलायला शिकव. आमेन."

"आमेन," मास्तर म्हणाले. ते इतक्या हळू म्हणाले की फक्त उंबऱ्यापर्यंत पोचलं.

पिठल्यात गुठळ्या होत्या. भाकऱ्या एका बाजूने करपल्या होत्या. पोरांनी पातेलं बोटांनी पुसून काढलं, आणि ज्यांना पिठलं पुरलं नाही त्यांनी कांदा-ठेच्यावर भागवलं. कुणी उठून गेलं नाही. खालून अजून मटणाचा वास येत होता, हे कुणाच्या लक्षातही राहिलं नव्हतं.

पुढे त्या मंडळीत एक नवीच गोष्ट घडू लागली. एखाद्या घरी दुःख झालं की सकाळी ओट्यावर फडक्यात बांधलेली भाकरी दिसायची. फडक्याची गाठ लहान हातांनी मारलेली असायची, ते सगळ्यांना कळायचं. पण कुणी पाळत ठेवली नाही. सुतार गज बसवायला आलाच नाही. वचनंही पोरांना येऊ लागली, कारण अर्थ विचारायला ती आता मास्तरांच्याच घरी धावत होती.

तात्पर्य शेवटी लिहितात, पण या गोष्टीतला शेवटचा शब्द एका पोरीचा आहे, म्हणून ते इथेच लिहून टाकलेलं बरं: पोरांना देवाच्या घरात कोंडता येत नाही, देव आपल्या घरात येऊन काय करून गेला ते त्यांना खरंखुरं सांगा, मग ती तुमच्या आधी त्याच्या दारात उभी राहतील.

पण त्या दुपारी भांडण अजून मिटलेलं नव्हतं. एवढ्याने मिटायला ते काय कालचं होतं? ताटं उचलून झाली आणि सलोमीबाई पदर झटकून उभ्या राहिल्या.

"काय मास्तर? आली का नाही पोरं? आणि नुसत्या पिठल्यावर आली!"

"आली," मास्तर म्हणाले. "मी कुठे नाही म्हणतोय? पण साक्षीनं पोट भरतं, पाया भरत नाही. वचनं पाहिजेत. पुढच्या रविवारी देवळात घेतो सगळ्यांना. कडी न लावता घेतो, झालं?"

"अजिबात नाही! पुढचा रविवार माझ्या घरी ठरलाय. माझी साक्ष व्हायची आहे अजून!"

"तुमची साक्ष? ती नाताळापर्यंत संपेल का?"

"आणि तुमची वचनं? त्यांनी पोरं परत खिडकीतून उड्या मारतील!"

"तुमच्या आवाजाने आधी कौलं उडतील!"

"मास्तर, तोंड सांभाळा!"

"तुम्ही सांभाळा, माझ्या घरात उभ्या आहात!"

पोरं एकदा इकडे, एकदा तिकडे माना फिरवून मजेत बघत होती. दीना पातेल्याच्या कडेला चिकटलेलं पिठलं बोटाने खरवडत होती. ते बोट चाटून ती उठली, दोघांच्या मधे येऊन उभी राहिली आणि म्हणाली, "मास्तरीणबाईंची गोष्ट अर्धीच झाली आणि पिठलं अर्ध्यांनाच पुरलं, म्हणून पुढच्या रविवारी आम्ही परत इथंच येणार."